औषधाची घडण आणि औषधाचे मोल

आजारी माणसाकडून पैसा घेणे कितपत योग्य, हा प्रश्न फार जुना आहे. वैद्य रात्री-अपरात्री उठून आला, त्याने नाडी पाहिली, घटकाभर उशाशी बसला, तर त्याला काही द्यावे हे सर्वांना मान्य आहे. औषध करणाऱ्याने मुळ्या खणून आणल्या, कुटल्या, गाळल्या, तर त्याच्या श्रमाचा दाम चुकवावा, यालाही कोणाची हरकत नसते. अडचण पुढे येते. जे औषध घेतले नाही तर माणूस जगतच नाही, आणि जे एकदा घेऊन भागत नाही, मरेपर्यंत रोज घ्यावे लागते, त्याचे मोल किती असावे? ते घेण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या आधारावर?

या प्रश्नावर मोघम बोलणे सोपे आहे. म्हणून आपण एकच औषध घेऊ आणि त्याच्याच आधारे विचार करू. ते औषध म्हणजे इन्सुलिन. मधुमेह ज्या घरात नाही असे घर आपल्या वाचकांत शोधावे लागेल. शिवाय या औषधाची घडण, त्याची कृती आणि त्याच्या किमतीचा इतिहास ही तिन्ही आज उजेडात आहेत. त्या इतिहासात औदार्य आहे आणि लोभही आहे. तेव्हा तो आपल्याला काही शिकवील.

घडण कोणी दिली?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडात ते आपोआप तयार होते आणि रक्तातली साखर पेशींत जाण्याची वाट मोकळी करते. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात ते तयार होणेच थांबते. मग बाहेरून टोचल्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

प्रथिन म्हणजे माळ समजा. माळेचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी आहेत, ते दोन सरांत ओवलेले आहेत, एका सरात २१ आणि दुसऱ्यात ३०. गंधकाच्या तीन सांध्यांनी ही माळ जागच्या जागी धरलेली आहे. दोन सांधे दोन सरांना जोडतात आणि तिसरा लहान सराच्या आतच आहे. मात्र मण्यांचा क्रम बरोबर असला म्हणजे काम झाले असे नाही. माळेने ठरावीक रीतीने दुमडून, वळून एक आकार घ्यावा लागतो. किल्ली आणि कुलूप यांचा जसा मेळ, तसा त्या आकाराचा पेशीवरील जागेशी मेळ आहे. मणी तेच, पण घडी चुकली, तर औषध निरुपयोगी होते, कधी अपायकारकही होते.

ही घडी कोण घालतो? अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी दुसऱ्या एका प्रथिनाची घडी रसायनांनी पार उलगडून टाकली आणि मग ती रसायने काढून घेतली. प्रथिन आपले आपण पुन्हा पूर्वीसारखे दुमडले. घडीचा नकाशा मण्यांच्या क्रमातच लिहिलेला असतो, असे त्यातून दिसले. या कामाबद्दल त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्सुलिनच्या मण्यांचा क्रम इंग्लंडातील केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांनी लावला. दहा वर्षांहून अधिक काळ ते त्यामागे होते आणि १९५५ मध्ये काम पुरे झाले. आकार शोधला डोरोथी हॉजकिन यांनी. इन्सुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरणांनी पहिले छायाचित्र त्यांनी काढले त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आत-बाहेर होते. आकार हाती आला १९६९ मध्ये. मधल्या सुमारे ३४ वर्षांत संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. १९६९ च्या त्या निबंधावर ज्यांची नावे आहेत त्यांत एक भारतीय आहे. केरळातून आलेले एम. विजयन पुढे बंगलोरला परतले आणि त्यांनी इथे प्रथिनांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. त्याआधी, १९६३ मध्ये, मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाचा कणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, याचा आराखडा काढून दिला. आजही जगात कोठेही प्रथिनाचा नवा आकार प्रसिद्ध होतो तेव्हा तो बरोबर आहे की नाही हे रामचंद्रन यांच्या आराखड्यावर पडताळून पाहतात. त्यासाठी कोणी मद्रासला पैसे पाठवीत नाही.

ही सारी नावे सांगण्याचा हेतू असा, की या थोर लोकांनीही इन्सुलिनचा आकार शोधला, तो कल्पिला नाही. डुकराच्या इन्सुलिनमध्ये आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये एकाच मण्याचा फरक आहे, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन मण्यांचा. माणसाला अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून ही घडण प्राणिमात्रांत चालत आली आहे. श्रद्धावंत तिला निर्मात्याची देणगी म्हणेल, दुसरा कोणी निसर्गाची म्हणेल. एका गोष्टीवर दोघांचे एकमत व्हावे. ती कोणाच्या घरची मिळकत नाही.

श्रम कोणाचे?

म्हणून इन्सुलिन फुकट असावे, असे कोणी म्हणेल तर त्याने जरा थांबावे. पाणीही देणगीच आहे, पण विहीर कोणीतरी खणलेली असते.

टोरांटो येथे १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी काढलेला अर्क प्रथम टोचला. तो अशुद्ध होता, गुण आला नाही. बारा दिवसांनी जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क टोचला तेव्हा मुलगा सावरला, आणि पुढे तेरा वर्षे जगला. परंतु नंतरच्या काही आठवड्यांत विचित्र घडले. जास्त प्रमाणात करायला गेल्यावर औषध बनेनासेच झाले. ज्यांनी ते शोधले त्यांच्याच हातून कृती निसटली, आणि दवाखान्यात रोगी वाट पाहत होते. अखेर अमेरिकेतील एलाय लिली या औषध कंपनीच्या रसायनज्ञांची मदत घ्यावी लागली, तेव्हा कोठे पुरेसे आणि एकसारखे औषध मिळू लागले. दानत होती, पण हातोटी नव्हती तोवर त्या दानतीचा रोग्याला उपयोग नव्हता.

पुढे साठ वर्षे इन्सुलिन कत्तलखान्यातून येत असे. सुमारे दोन टन ग्रंथींतून जेमतेम पाव किलो औषध निघे. जगात मधुमेही वाढले तर इतक्या ग्रंथी आणायच्या कोठून, ही चिंता होती. काही रोग्यांना परक्या प्रथिनाचा त्रासही होई. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची आज्ञा साध्या आतड्यातल्या जंतूंत घातली आणि त्या जंतूंकडून दोन्ही सर वेगवेगळे करवून घेऊन जोडले. १९८२ मध्ये अमेरिकेत हे औषध विकण्यास परवानगी मिळाली. अशी आज्ञा घालून जंतूंकडून करवून घेतलेले ते पहिलेच औषध होते.

आज कारखान्यात काय चालते ते थोडक्यात पाहू. जंतू किंवा यीस्ट मोठमोठ्या पोलादी टाक्यांत वाढवतात. उष्णता, हवा, अन्न यांत थोडा फरक पडला तरी आख्खा घाणा वाया जातो. जंतूंच्या पोटात प्रथिनाचे वेडेवाकडे गोळे तयार होतात. ते विरघळवून प्रथिनाला पुन्हा नीट दुमडू द्यावे लागते. मधला जास्तीचा तुकडा कापून टाकावा लागतो. नंतर गाळणीमागून गाळणी, तपासणीमागून तपासणी. कुपीत भरल्यावरही ते दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये सांभाळायचे. साध्या गोळीची नक्कल रसायनशाळेत ताडून पाहता येते. प्रथिनाची नक्कल करताना कृतीच सांभाळावी लागते, कारण कृती बदलली की वस्तू बदलण्याचा धोका असतो.

हा धोका पुस्तकी नाही. मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिन नावाचे प्रथिन देतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा एका औषधात ते स्थिर राहावे म्हणून मानवी रक्तातील अल्ब्युमिन घालीत. त्यातून संसर्ग होऊ नये म्हणून १९९८ मध्ये ते काढून त्याजागी दुसरे द्रव्य घातले. पुढील काही वर्षांत काही रोग्यांच्या शरीराने औषधालाच शत्रू मानले, आणि त्या झटापटीत त्यांचे स्वतःचे एरिथ्रोपोएटिनही निकामी झाले. मज्जेत तांबड्या पेशी तयार होणे बंद पडले. बदल सद्हेतूने केला होता, तरी किंमत रोग्यांनी मोजली. म्हणून जो कारखाना कसोशीने काम करतो, नापास झालेला माल पैशाकडे न पाहता फेकून देतो, त्याला त्या कसोशीचा दाम मिळालाच पाहिजे. या दामाला खळखळ करणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर पुण्य मिळवणे होय.

ही ढवळाढवळ नव्हे काय?

आमच्या मंडळीतील एका वयोवृद्ध भगिनीने मला विचारले होते, "माणसाचं जंतूत घालायचं, हे देवाच्या कामात हात घालणं नाही का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाने मर्यादा ओळखावी, ही शहाणपणाचीच भावना त्यामागे आहे.

पण वस्तुस्थिती पाहू. जंतूला माणसाचे इन्सुलिन करता येते, कारण जंतू आणि माणूस यांच्या पेशी एकाच लिपीत लिहिलेल्या आज्ञा वाचतात. ही लिपी शास्त्रज्ञांनी बनवलेली नाही, ती त्यांना आढळली. यीस्टकडून काम करून घेणे तर पाव भाजणारा प्रत्येक भटारी करीत आला आहे. निर्माण झालेल्या वस्तूचा उपयोग रोग्याला जगवण्यासाठी होत असेल, तर त्यात मर्यादाभंग दिसत नाही. मर्यादा ओलांडली जाते ती दुसरीकडे. सापडलेल्या वस्तूला माणूस 'ही माझी, मी देईन तर तू जगशील' असे म्हणू लागतो, तेव्हा तो कारभारी राहत नाही, धनी होऊन बसतो. त्या भगिनीची भीती खरी होती. ती टाकीजवळ शोधण्याऐवजी बाजारात शोधायला हवी.

मोल कोणाचे?

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ च्या जानेवारीत इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. हे तिघे साधुसंत नव्हते. बँटिंग आणि कॉलिप यांच्यात कडाक्याचे भांडण झाले होते. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले, तेव्हा मानापमानावरून पुन्हा वादळ उठले. अखेर बँटिंग यांनी आपल्या रकमेचा निम्मा वाटा बेस्ट यांना आणि मॅक्लिऑड यांनी कॉलिप यांना दिला. भांडखोर माणसेही योग्य ते करू शकतात, ही यातली दिलासा देणारी गोष्ट. पेटंट घेण्यामागे त्यांचा हेतू कुंपण घालण्याचा होता, पण ते कुंपण दुसऱ्या कोणी जमीन बळकावू नये म्हणून होते.

आता शतकाच्या दुसऱ्या टोकाला या. १९९६ मध्ये अमेरिकेत इन्सुलिनचा एक नवा प्रकार आला. त्यात लांब सराच्या शेवटाजवळचे दोन मणी एकमेकांच्या जागी ठेवलेले होते. त्यामुळे औषध लवकर लागू पडते, जेवणाच्या वेळेशी जुळते. ही सुधारणा खरी होती आणि तिचा मोबदला रास्त होता. त्या वेळी एका कुपीची किंमत २१ डॉलर होती. वीस-एकवीस वर्षांत तीच कुपी, तोच ५१ मण्यांचा ऐवज, २७५ डॉलरच्या घरात गेला. येल येथील मधुमेह केंद्रातील रुग्णांची पाहणी त्या सुमारास प्रसिद्ध झाली. तीत चारांपैकी एकाने खर्चामुळे इन्सुलिन कमी घेतल्याचे सांगितले. डोस तोडून घेणारे काही तरुण तिकडे दगावले. कंपन्यांचे म्हणणे असे, की छापील किमतीतला मोठा वाटा विमा आणि वितरण यांतील मध्यस्थांना सूट म्हणून द्यावा लागतो. ते खोटे नव्हते. पण रोग्याच्या दृष्टीने पैसा कोणाच्या खिशात गेला याने काय फरक पडतो? २०२२ मध्ये तेथील सरकारने वृद्धांच्या विमा योजनेत इन्सुलिनसाठी रोग्याने महिन्याला ३५ डॉलरहून अधिक द्यायला लागू नये असा कायदा केला. २०२३ मध्ये कंपन्यांनी प्रमुख इन्सुलिनच्या किमती सत्तर टक्के आणि त्याहूनही अधिक उतरवण्याचे जाहीर केले. जी किंमत एका घोषणेने इतकी उतरू शकते, ती सगळी श्रमाची आणि कसोशीची होती असे कसे म्हणावे?

यावरून मला असे वाटते, की औषधाच्या किमतीत तीन भाग मिसळलेले असतात. पहिला भाग घडणीचा. ती मिळालेली आहे, तिचे मोल घेण्याचा हक्क कोणालाच नाही. दुसरा भाग श्रमाचा, कसोशीचा, आणि फसलेल्या प्रयोगांत बुडालेल्या पैशाचा. तो पुरेपूर दिला पाहिजे. तिसरा भाग रोग्याच्या नाइलाजाचा. 'हा घेतल्यावाचून राहू शकत नाही' एवढ्याच आधारावर जे वाढवले जाते, ते त्या भागात येते. किंमत वाढली की विचारावे, यांतले काय वाढले? टाकी महाग झाली, वीज महाग झाली, तपासण्या वाढल्या, तर ठीक. यांतले काही न वाढता किंमत चढली असेल, तर तिसरा भागच फुगला आहे. त्याला नफा म्हणा, व्यवहार म्हणा, धर्मशास्त्रात आणि साध्या लोकभाषेतही त्याला नाडणे असेच नाव आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की नफ्याची आशा नसेल तर नवी औषधे कोण शोधील? आक्षेप वजनदार आहे. दुसऱ्या भागात फसलेल्या प्रयोगांचा खर्च मी यासाठीच धरला आहे. पण नफा आणि नाडणूक यांत अंतर आहे, हे आपल्या जवळच घडलेल्या एका गोष्टीवरून दिसते. हैदराबादेत वरप्रसाद रेड्डी यांच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये कावीळ-ब ची लस यीस्टकडून करवून घेऊन बाजारात आणली. परदेशी लस तोवर सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. ही लस तिच्या एका लहानशा अंशात मिळू लागली, इतरांनाही किमती उतरवाव्या लागल्या, आणि कंपनी बुडाली नाही. इन्सुलिनच्या बाबतीतही २००३ मध्ये वोखार्टने आणि २००४ मध्ये बंगलोरच्या बायोकॉनने देशात केलेले मानवी इन्सुलिन आणले. धंदा त्यांनीही केला.

दुसरा आक्षेप असा, की फुकट दिलेल्या ज्ञानाची कोणाला कदर नसते. याचे उत्तर प्रथिनांच्या जगातच आहे. १९७१ मध्ये प्रथिनांच्या आकारांची एक सार्वजनिक पेढी सुरू झाली. आरंभी तीत सातच आकार होते. शास्त्रज्ञ एकेका आकारावर वर्षानुवर्षे खपत आणि तो सर्वांसाठी तेथे ठेवीत. पन्नास वर्षांत ठेवी दोन लाखांच्या घरात गेल्या. त्या ठेवींवर शिकलेल्या संगणकाने २०२० मध्ये मण्यांच्या क्रमावरून घडीचा अंदाज बांधण्यात मोठी मजल मारली, २०२२ मध्ये वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाज सर्वांना खुले झाले, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल या क्षेत्राला मिळाले. ज्यांनी ठेवी ठेवल्या त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला कळणारही नाहीत. कदर झाली ती अशी, की त्यावर पुढचे घर उभे राहिले.

आपण काय करावे?

हे सर्व दूरचे वाटेल. म्हणून जवळचे एक सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गवंड्याच्या मुलीला नवव्या वर्षी मधुमेह निघाला. पावसाळ्यात काम बंद होते. त्याने मला विचारले, "सर, महिनाअखेरीला दोन वेळचं इंजेक्शन एकदाच दिलं तर चालतंय का?" चालत नाही. डॉक्टरने ठरवलेली मात्रा तोडली तर अशा मुलाच्या जिवावर काही दिवसांतच बेतू शकते. त्या बापाला हे ठाऊक होते. तो परवानगी मागत नव्हता, हिशेब सांगत होता.

अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे साधे मानवी इन्सुलिन स्वस्त आहे आणि त्याच्या किमतीवर सरकारचा लगाम आहे. पण सुई, साखर मोजण्याच्या पट्ट्या, शीतकपाट आणि बुडालेली मजुरी यांचा भार उरतोच. तेव्हा किमतीविरुद्ध बोलण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर आपल्या वाट्याचे कामही केले पाहिजे. आपल्या मंडळीत इन्सुलिनवर जगणारी मुले किती, हे पाळक आणि पंच यांनी माहीत करून घ्यावे. महागडे नवे इन्सुलिन परवडत नसेल तर जुने साधे चालेल काय, हे रोग्याने लाजून गप्प न बसता डॉक्टरांना विचारावे, आणि विचारायला कोणीतरी बरोबर जावे. ज्या घरी शीतकपाट नाही त्या घरची कुपी शेजारच्याने सांभाळावी, तेही नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उन्हाळ्यात बरेच काम करते. दानपेटीतला थोडा भाग पावसाळ्यातील दोन-तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवावा, आणि तो देताना घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये.

गवंड्याच्या मुलीची त्या वर्षीची सोय चार घरांनी मिळून केली. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा करावी लागेल, आणि त्याच्या पुढच्याही.